पतंगांची वही : ब्रिटनमधील हौशी नोंदकर्त्यांची तीनशे वर्षे

१/
इ.स. १७१२. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वेल्स या गावी, तीन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका स्त्रीच्या मृत्युपत्रावरून खटला उभा राहिला. स्त्रीचे नाव एलिनॉर ग्लॅनव्हिल. मालमत्तेचा मोठा भाग तिने मुलांऐवजी एका नातलगाच्या नावे केला होता. थोरल्या मुलाचे म्हणणे असे, की आईची बुद्धी ठिकाणावर नव्हती. पुरावा कोणता? ती कुंपणाच्या झुडपांखाली कापड अंथरी, काठीने फांद्या झोडपी आणि खाली पडलेल्या अळ्या गोळा करून घरी नेई.

२/
निकाल मुलाच्या बाजूने लागला. मृत्युपत्र रद्द झाले. गंमत अशी, की १७६६ साली मोझेस हॅरिस याने ‘द ऑरेलियन’ या आपल्या ग्रंथात हीच हकीकत उलटी सांगितली. त्याच्या मते थोर निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे याने न्यायालयात साक्ष दिली आणि बाईंचे मृत्युपत्र वाचले. प्रत्यक्षात जॉन रे १७०५ सालीच वारला होता. आख्यायिका कितीही गोड असली, तरी एक तारीख तिला उलथवून टाकू शकते.

३/
तारखेचे हे सामर्थ्य या लेखमालिकेच्या केंद्रस्थानी आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटेल : रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग आणि त्यांच्या नोंदी ठेवणारी हौशी माणसे. ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या जाती साठाच्या आसपास, तर पतंगांच्या सुमारे अडीच हजार. या अडीच हजारांचा पाठलाग करणारे वैद्य, पाद्री, विणकर आणि शिक्षक यांच्या वह्यांतून पुढे विज्ञानाला असे पुरावे मिळाले, जे कोणत्याही प्रयोगशाळेला मागाहून तयार करता आले नसते.

४/
अठराव्या शतकात लंडनमध्ये ‘ऑरेलियन सोसायटी’ नावाचे मंडळ होते. ऑरेलिया म्हणजे कोश. सोनेरी झाक असलेल्या कोशांवरून पडलेले हे नाव. मंडळाच्या बैठका कॉर्नहिल भागातील स्वान या खानावळीत भरत. २५ मार्च १७४८ रोजी त्या भागात भीषण आग लागली. सभासद कसेबसे जीव वाचवून बाहेर पडले. काहींच्या टोप्या आणि काठ्याही आतच राहिल्या. मंडळाचा संपूर्ण संग्रह आणि ग्रंथालय जळून खाक झाले.

५/
त्या आगीत केवळ टाचणीला टोचलेले कीटक गेले असे नव्हे. लंडनच्या परिसरात त्या काळी कोणते पतंग उडत होते, याची साक्षच गेली. पतंग पुन्हा पकडता येतो. १७४० सालचा पतंग मात्र पुन्हा पकडता येत नाही. जुने दप्तर जळाले की त्याची दुसरी प्रत कुठून आणायची, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला चांगलाच परिचित आहे. निसर्गाच्या इतिहासालाही तो तसाच लागू पडतो.

६/
पुढच्या शतकात संग्रहाइतकेच नोंदीलाही महत्त्व येऊ लागले. १८५२ साली ह्युएट वॉटसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रेट ब्रिटनची ११२ भागांत विभागणी केली. मोठे परगणे तोडून त्याने साधारण सारख्या आकाराचे तुकडे पाडले, म्हणजे एका भागाची दुसऱ्याशी तुलना करता यावी. त्यानंतर परगण्यांच्या शासकीय सीमा अनेकदा बदलल्या. वॉटसनचे भाग मात्र बदलले नाहीत. आजही ब्रिटनमधील पतंगांची नोंद याच विभागांनुसार तपासली जाते.

७/
या साऱ्या व्यवहाराचा पाया चार रकान्यांचा आहे : काय दिसले, कुठे दिसले, केव्हा दिसले आणि कोणी पाहिले. चारांपैकी एक रकाना रिकामा राहिला तरी नोंद लंगडी होते. सुंदर पंखांचा पण तारीख-ठिकाणाविना ठेवलेला नमुना हा बिनतारखेच्या पत्रासारखा असतो. तो पाहून कौतुक वाटते. पण त्यावर फारसे काही उभे करता येत नाही.

८/
या हौशी माणसांना एकत्र आणले ते टपालाने आणि स्वस्त छपाईने. १८५६ साली हेन्री स्टेंटन याने कीटकप्रेमींसाठी एक साप्ताहिक काढले. किंमत अवघी एक पेनी. कोणी कुठे काय पकडले, कोणाकडे कोणता नमुना जादा आहे, कोणाला काय हवे आहे, असा मजकूर त्यात छापून येई. साप्ताहिक पाचच वर्षे चालले. पण दूरदूरच्या गावी एकेकट्याने पतंगांमागे धावणाऱ्यांना आपण एकटे नाही, हे त्यातून कळले.

९/
पतंग पकडण्याची एक जुनी रीत मोठी चविष्ट होती. काकवी शिजवून तिच्यात थोडी रम घालायची आणि संध्याकाळी हा लेप झाडांच्या बुंध्यांना फासायचा. अंधार पडल्यावर कंदील घेऊन फेरी मारली, की गोडाला भुललेले पतंग बुंध्यावर चिकटून बसलेले सापडत. पुढे विजेचा दिवा आला. १९५० साली रॉबिन्सन बंधूंनी पाऱ्याच्या वाफेचा प्रखर दिवा लावलेला सापळा प्रसिद्ध केला आणि एका रात्रीत शेकडो पतंग मोजणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

१०/
आता मँचेस्टरकडे वळू. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांच्या या शहरावर कोळशाच्या धुराचे छत्र धरलेले असे. झाडांच्या सालीवर वाढणारी दगडफुले (आपल्या मसाल्यात पडतात त्याच गणगोतातली) मरून गेली आणि बुंधे काजळीने काळवंडले. याच परिसरात ‘पेपर्ड मॉथ’ नावाचा पतंग राहत असे. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके, म्हणून हे नाव. दगडफुलांनी भरलेल्या सालीवर तो बसला, की सहज दिसत नसे.

११/
१८६४ साली रॉबर्ट एडलस्टन या मँचेस्टरच्या हौशी संग्राहकाने कीटकविषयक नियतकालिकात एक लहानसे टिपण दिले. या पतंगाचे काळे रूप सोळा वर्षांपूर्वी जवळजवळ अज्ञात होते, असे त्याने लिहिले. आता मात्र त्याने बागेत माद्या ठेवल्या, तेव्हा त्यांच्याकडे आलेले बहुतेक नर काळे निघाले. हे असेच चालले तर मूळ रूप या भागातून नाहीसे होईल, असा अंदाजही त्याने नोंदवला. या टिपणातील ‘सोळा वर्षां’वरूनच १८४८ हे साल पुढे पाठ्यपुस्तकांत गेले.

१२/
एडलस्टनने कारण सांगितले नाही. दुसऱ्या एका संग्राहकाला मात्र ते जवळपास सुचले होते. १८७८ साली आल्बर्ट फार्न याने थेट चार्ल्स डार्विनला पत्र लिहिले. विषय होता एका वेगळ्याच पतंगाचा : तो काळ्या मातीच्या रानात काळपट आढळतो आणि खडूच्या उतारांवर पांढुरका. लुईस गावाजवळचे असे काही उतार चुन्याच्या भट्ट्यांच्या धुराने पंचवीस वर्षे काळवंडत होते, आणि तिथे पांढुरके पतंग घटू लागले होते. सर्वांत जुळणारा तोच टिकतो, हे याचे उदाहरण म्हणावे का, असा फार्नचा प्रश्न होता.

१३/
डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडून तेव्हा जवळपास वीस वर्षे झाली होती. निवड डोळ्यांदेखत घडताना दाखवता येत नाही, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. आणि असे घडत असल्याची खूण एका हौशी संग्राहकाच्या पत्रातून त्याच्या टेबलापर्यंत पोहोचली होती. ते पत्र त्याच्या कागदपत्रांत पडून राहिले. शतकभराहून अधिक काळ ते जवळजवळ कुणाच्याच ध्यानात आले नाही.

१४/
१८९५ पर्यंत मँचेस्टर परिसरातील या पतंगांपैकी सुमारे ९८ टक्के काळे झाले होते. १८९६ साली जे. डब्ल्यू. टट याने कारणमीमांसा छापली : काळवंडलेल्या बुंध्यावर पांढुरका पतंग उठून दिसतो, म्हणून पक्षी आधी त्यालाच टिपतात. टट हा व्यवसायाने शिक्षक. त्याचा तर्क सरळ होता. मात्र पक्षी बुंध्यावरचे पतंग टिपताना फारसे कोणी पाहिलेले नव्हते, म्हणून बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही.

१५/
१९२४ साली जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने हा बदल गणिताने तपासला. इतक्या थोड्या पिढ्यांत काळे रूप इतके वाढायचे असेल, तर त्याची टिकून राहण्याची शक्यता पांढुरक्या रूपाच्या सुमारे दीडपट असली पाहिजे, असे उत्तर आले. निवडीचा जोर इतका मोठा असू शकतो, याची तोवर कुणाला कल्पना नव्हती. या गणिताला आधार कशाचा? बदल कधी सुरू झाला आणि कधी जवळपास पुरा झाला, या कालमर्यादेचा. ती हौशी मंडळींच्या टिपणांतून आलेली होती.

१६/
प्रत्यक्ष प्रयोग केला तो बर्नार्ड केटलवेल याने. तो शिक्षणाने डॉक्टर आणि वृत्तीने पतंगवेडा. पुढे ऑक्सफर्डमध्ये संशोधक झाला. १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात आणि १९५५ साली डॉर्सेटच्या स्वच्छ रानात त्याने खुणा केलेले काळे आणि पांढुरके पतंग सोडले व नंतर सापळ्याने परत पकडले. बर्मिंगहॅमला काळे पतंग सुमारे दुप्पट प्रमाणात परत मिळाले. डॉर्सेटला नेमके उलटे झाले.

१७/
केटलवेलचे हे प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेले. त्याचे दुसरे काम मात्र क्वचितच सांगितले जाते. ब्रिटनभरातील हौशी निरीक्षकांना त्याने आपापल्या गावी या पतंगाची काळी आणि पांढुरकी रूपे मोजायला सांगितले. ऐंशीहून अधिक ठिकाणांहून हजारो पतंगांची मोजणी जमली. तिच्यावरून नकाशा काढला, तेव्हा औद्योगिक शहरांच्या आसपास आणि तेथून वारा वाहतो त्या दिशेला काळ्यांचे प्राबल्य, तर पश्चिमेकडच्या दूरच्या भागांत पांढुरक्यांचे, असे चित्र उमटले. एका संशोधकाला एकट्याने हे साधणारे नव्हते.

१८/
डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुक्याचे आवरण पसरले आणि हजारो माणसे दगावली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. ब्रिटनचे धुराडे हळूहळू निवळू लागले. आता प्रश्न असा : काजळी गेली तर पतंगांचे चक्र उलटे फिरेल काय? उत्तर हवे असेल, तर बदल होण्याआधीपासून मोजणी सुरू असायला हवी. बदल दिसल्यावर मोजायला बसणाऱ्याला आधीची स्थिती कोण सांगणार?

१९/
लिव्हरपूलचे वैद्य सिरिल क्लार्क यांनी १९५९ पासून विरल द्वीपकल्पावरील काल्डी येथे, आपल्या घराच्या बागेत, हे पतंग मोजायला घेतले. पहिल्या वर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक पतंग काळे होते. उन्हाळ्यामागून उन्हाळे ही मोजणी सुरू राहिली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत काळ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले. १९८३-८४ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी देशभर केलेल्या पाहणीतही काळ्यांचा मुलूख आक्रसत असल्याचे दिसले होते.

२०/
क्लार्क यांच्या छंदाला आणखी एक फळ आले. फुलपाखरांच्या संकरातून रंगरूपाची आनुवंशिकता शोधता शोधता ते आणि त्यांचे सहकारी फिलिप शेपर्ड मानवी रक्तगटांतील आऱ्एच घटकाच्या प्रश्नाकडे वळले. आई आऱ्एच-निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका संभवतो. तो टाळण्यासाठी आईला देण्यात येणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनच्या विकासात लिव्हरपूलच्या या चमूचा मोठा वाटा आहे.

२१/
२००२ साली एका पुस्तकातून केटलवेलच्या प्रामाणिकपणावरच संशय घेण्यात आला. त्याच्या पद्धतीत खऱ्या उणिवा होत्या : पतंग नैसर्गिकपणे बसतात तिथे न सोडता बुंध्यांवर सोडले, आणि दाटीने सोडले. उत्क्रांतीच्या विरोधकांनी या वादाचे भांडवल केले. केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी वादाला उत्तर म्हणून पुन्हा प्रयोग मांडला. २००१ ते २००७ अशी वर्षे त्यांनी ४,८६४ पतंग आपल्या बागेत सोडले आणि सकाळी कोणते नाहीसे झाले ते पाहिले.

२२/
मजेरस २००९ साली वारले. त्यांचे निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले : स्वच्छ रानात पक्षी काळ्या पतंगांना अधिक टिपतात, टटचा तर्क खरा होता. पुढे २०१६ मध्ये काळ्या रंगामागचा जनुकीय बदलही सापडला, आणि तो घडल्याचा काळ सुमारे १८१९ च्या आसपास येतो, असा अंदाज निघाला. एडलस्टनच्या टिपणातील साल आणि प्रयोगशाळेतील हिशेब एकमेकांना पूरक ठरले.

२३/
पेपर्ड मॉथची कथा प्रसिद्ध आहे. तिच्याहून कमी नाट्यमय, पण अधिक गंभीर कथा हार्पेंडेन गावाजवळच्या रॉथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रातील आहे. तेथे सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ ते १९३७ अशी चार वर्षे एका शेताच्या कडेला दिव्याचा सापळा चालवला. हवामानाचा कीटकांच्या संख्येवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. हा सापळा १९४६ ते १९५० या काळात त्यांनी पुन्हा लावला.

२४/
या सापळ्यातील पतंगांनी सांख्यिकीलाही एक देणगी दिली. कोणत्याही ठिकाणी थोड्या जाती विपुल असतात आणि पुष्कळ जाती अगदी विरळ. या विषम वाटणीला नियम आहे काय? १९४३ साली रोनाल्ड फिशर, स्टीव्हन कॉर्बेट आणि विल्यम्स यांनी मिळून एक निबंध लिहिला. कॉर्बेटची मलायातील फुलपाखरे आणि विल्यम्सचे रॉथॅमस्टेडमधील पतंग हे त्याचे साहित्य. जैवविविधता एका आकड्यात मांडण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या निबंधाची गणना होते.

२५/
१९६० साली एल. आर. टेलर यांनी त्याच जागी सापळा पुन्हा सुरू केला. युद्धपूर्व काळाच्या तुलनेत पतंग फारच कमी येऊ लागले होते. दोन्हींच्या मधल्या वर्षांत भोवतालची शेती पार बदलून गेली होती. एकाच ठिकाणची ही घट देशभराची मानावी काय? त्यासाठी टेलर यांनी सापळ्यांचे जाळे विणले. १९६८ पासून देशभरच्या आकड्यांची सलग मालिका मिळते. आजवर शेकडो ठिकाणी हे सापळे चालले. रोज सकाळी ते रिकामे करणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक आहेत.

२६/
या सापळ्याची खुबी त्याच्या साधेपणात आहे. तोच सापळा, त्याच ताकदीचा साधा दिवा, दररोज रात्री. प्रखर दिवा लावला तर अधिक पतंग येतील, दुर्मीळ जाती सापडतील, हौस भागेल. पण काल आणि आज यांची तुलना बिघडेल. म्हणून इथे हौसेला मुरड घालावी लागते. थंडीतल्या कित्येक सकाळी सापळ्यात काहीच नसते. तेव्हाही वहीत शून्य लिहावे लागते, कारण शून्य हीही नोंदच असते.

२७/
२००६ साली हे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा अभ्यासकही हादरले. ३३७ सर्वसामान्य जातींपैकी दोनतृतीयांश जाती घटत होत्या. पुढच्या आढावा-अहवालानुसार १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची एकूण संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली. कारणे अनेक सांगितली जातात : कुंपणझुडपांचा आणि रानगवताचा नाश, शेतीतील रसायने, बदलते हवामान, रात्रीचा कृत्रिम प्रकाश. दगडफुलांवर पोसणाऱ्या काही जाती मात्र, हवा निवळल्यावर, वाढलेल्या दिसतात.

२८/
यात सर्वांत बोलके उदाहरण ‘गार्डन टायगर’ या पतंगाचे. तपकिरी-पांढरे नक्षीदार पंख, खाली शेंदरी रंग. त्याचे केसाळ सुरवंट इंग्लंडमधील मुलांच्या पिढ्यांनी डबीत घालून पाळले. १९६८ ते २००७ या काळात त्याची संख्या सुमारे ९२ टक्क्यांनी घटली. दुर्मीळ प्राण्याच्या नाहीसे होण्याची बातमी होते. रोज दिसणारा जीव विरळ होत जातो तेव्हा बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचे चित्र हेच मूळ चित्र समजते.

२९/
सापळ्यांखेरीज दुसराही एक प्रवाह आहे. १९६४ साली मंक्स वूड येथे जैविक नोंदींचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. जॉन हीथ यांनी तेथून पतंगांच्या प्रसाराचे नकाशे करण्याची योजना चालवली. २००७ पासून राष्ट्रीय पतंग-नोंद योजना चालू आहे आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या नकाशासंग्रहामागे अडीच कोटींहून अधिक नोंदी आहेत. परसदारी दिवा, पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, सकाळी ओळख, मोजणी आणि मग पतंगांची सुटका : इतकेच हे काम.

३०/
या नोंदी डोळे झाकून स्वीकारायच्या नसतात. प्रत्येक भागाला एक स्वयंसेवी नोंद-अधिकारी असतो. संशयास्पद ओळख तो परत पाठवतो, छायाचित्र मागतो. शिवाय जिथे निरीक्षक जास्त तिथे नोंदी जास्त, हा कल कायमच राहतो. नकाशावरील रिकामा चौकोन पतंग नसल्याचे सांगतो की निरीक्षक नसल्याचे, हे ठरवावे लागते. बखर वाचताना ती कोणी, कधी, कुणासाठी लिहिली असे आपण विचारतो. इथेही साधन-चिकित्सा अटळ आहे.

३१/
या परंपरेचा एक धागा मुंबईत पोहोचतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोघे भारतीय आणि दोघेही डॉक्टर : प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत आणि नमुने दाखवावेत, हा आरंभीचा हेतू. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि दूरदूरच्या निरीक्षकांची टिपणे त्यात छापली जाऊ लागली.

३२/
भारतातील पतंगांचे पहिले मोठे वर्णन १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत आले. लेखक जॉर्ज हॅम्पसन हे मुळात निलगिरीतील चहाचे मळेवाले. पुढे भारतातील स्फिंजिडी कुळातील पतंगांवरचा खंड १९३७ साली निघाला. त्याचे एक लेखक टी. आर. बेल हे तत्कालीन मुंबई इलाख्यातील कारवारचे वनाधिकारी. निवृत्तीनंतरही ते कारवारलाच राहिले. जंगलात अळ्या शोधायच्या, त्या पाळायच्या, कोणती कोणत्या झाडावर वाढते ते लिहायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. एलिनॉर ग्लॅनव्हिल दुसरे काय करत होती?

३३/
२०१२ साली अमेरिकेत ‘नॅशनल मॉथ वीक’ सुरू झाला. जुलैच्या अखेरीस येणारा हा आठवडा आता भारतातही पाळला जातो. महाराष्ट्रात तेव्हा ऐन पावसाळा. पांढरी चादर दोरीवर टांगायची, समोर दिवा लावायचा आणि येणाऱ्या पाहुण्यांची छायाचित्रे तारीख-ठिकाणासह नोंदवायची. रम घातलेल्या काकवीची जागा दिव्याने घेतली आणि पेनीच्या साप्ताहिकाची जागा मोबाइलने. चार रकाने मात्र तेच आहेत.

३४/
एडलस्टनला नैसर्गिक निवड सिद्ध करायची नव्हती. विल्यम्सना पतंगांचा ऱ्हास मोजायचा नव्हता. त्यांना हवामान समजून घ्यायचे होते. त्यांच्या नोंदींना पुढे जे प्रश्न विचारले गेले, ते लिहिताना त्यांच्या मनातही नव्हते. इतिहासाची साधने बहुधा अशीच असतात. हिशेबाची वही लिहिणारा कारकून दुष्काळाचा इतिहास लिहीत नसतो. तरीही तीनशे वर्षांनी दुष्काळ त्याच्याच वहीतून कळतो.

३५/
मूळ पांढुरके रूप या भागातून नाहीसे होईल, असे एडलस्टनने १८६४ साली लिहिले होते. तसे जवळजवळ झालेही. पुढे हवा निवळली आणि तेच रूप परतले. जाणे आणि परतणे, दोन्ही आज ठाऊक आहेत, कारण दोन्ही वेळी कोणीतरी बागेत उभे राहून पतंग मोजत होते. गार्डन टायगर परतेल की नाही, हे पुढची पिढी सांगू शकेल. मात्र त्यासाठी आज रात्रीचा आकडा, तो शून्य असला तरी, वहीत असायला हवा.